कम्प्युटरमधली पहिली रांग

भालचंद्र पिंपळापुरे यांना दसऱ्याच्या चार दिवस आधी कळलं की कम्प्युटरमध्ये पहिली रांग नसते, आणि ते मटकन पलंगावर बसले.

"नसते म्हणजे?" त्यांनी मुलीला विचारलं.

"नसते म्हणजे नसते, बाबा," वसुधा म्हणाली. "सगळ्यांचे चौकोन असतात. छोटे छोटे. खिडक्यांसारखे."

"बरं, मग जीएम साहेबांची खिडकी मोठी कर."

"नाही होत. सगळे सेम साइजचे असतात."

"राजाध्यक्ष साहेब आणि सदाशिव भोंगाडे, सेम साइजचे?"

"हो."

"अगं, साहेब अख्ख्या कारखान्याचे महाव्यवस्थापक आहेत! भोंगाडे क्रेन चालवतो!"

"अब कम्प्युटर को क्या पता, बाबा!"

आता तुम्ही म्हणाल, यात मटकन बसण्यासारखं काय आहे? तर तुम्ही आमच्या टाउनशिपमध्ये राहिलेले नाही. भोपाळच्या कारखान्याची टाउनशिप म्हणजे गेटातून आत शिरल्यावर तुमची स्कूटर कुठल्या रस्त्याला वळते त्यावरून तुम्ही कोण ते ठरतं. डावीकडे वळली तर टाइप वन, म्हणजे सगळ्यात लहान क्वार्टर, सरळ गेली तर टाइप टू-थ्री, उजवीकडे गुलमोहरांखालून गेली तर बंगला, आणि मग ती स्कूटरच नसते, गाडी असते. मुलं एका शाळेत, भाजी एका हाटातली, पण कोण कुणाच्या घरी चहाला जाणार आणि कोण कुणाच्या घरी फक्त दसऱ्याचं सोनं द्यायला जाणार, हे सगळं टाइपावर.

आणि आमच्या मराठी मंडळाच्या दसरा संमेलनात हे सगळं खुर्च्यांवरून कळायचं. सगळ्यात पुढे सोफा. मागे गादीच्या खुर्च्या. मग हातवाल्या प्लास्टिकच्या, मग बिनहाताच्या, आणि बाजूला मुलांसाठी सतरंजी. ही सगळी मांडणी मंडळाचे सेक्रेटरी भालचंद्र पिंपळापुरे वर्षानुवर्षं एकट्यानं करत आले होते. ते कारखान्याच्या प्रशासन कार्यालयात, त्यामुळे त्यांना सगळं आधी कळायचं. इतकं की लोकांना आपल्या प्रमोशनची बातमी ऑर्डर निघायच्या आधी खुर्चीवरून समजायची. माणूस संमेलनाला यायचा, नेहमीच्या हातवाल्या खुर्चीकडे वळायचा, आणि पिंपळापुरे हळूच कोपर धरून म्हणायचे, "अंहं, आज थोडं पुढे." बस! घरी जाताना माणूस पेढे घेऊनच जायचा.

आणि सोफ्यावर टॉवेल. पांढरा. ऑफिसात बड्या साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर असतो ना, तसा. मंडळाचा हा टॉवेल पिंपळापुऱ्यांच्या घरी असायचा. ते तो स्वतः धुवायचे, स्वतः इस्त्री करायचे, आणि घरात पाणी सांडलं, पाहुणे आले, काहीही झालं तरी त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. तो टॉवेल जन्मात ओल्या अंगाला लागला नव्हता.

स्वतः पिंपळापुरे कुठे बसायचे? कुठेच नाही. ते दारात उभे असायचे.

बरं, त्या वर्षी तर सगळं जगच दाराआड बसलेलं. हॉलला कुलूप. मंडळानं ठरवलं, संमेलन या वेळी ऑनलाइन. पण पिंपळापुऱ्यांच्या दृष्टीनं हा दसरा साधा नव्हता. महिनाअखेरीला ते रिटायर होणार होते. रिटायर झालं की दोन महिन्यांत क्वार्टर सोडायचं. टाउनशिपबाहेर बाग सेवनियात त्यांनी घर बांधायला घेतलं होतं, पण मजूर गावी निघून गेलेले, भिंतींना प्लास्टर नाही, आणि मुख्य म्हणजे त्या नव्या कॉलनीत इंटरनेटची केबलच पोचली नव्हती. मोबाइल गच्चीच्या एका कोपऱ्यात धरला तर चालायचा, तोही वारा नसेल तर. आणि वसुधाचं कम्प्युटर इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. वर्ग घरून, परीक्षा घरून, नोकरीचे इंटरव्ह्यूसुद्धा घरून. क्वार्टर गेलं की केबल गेली, आणि केबल गेली की पोरीचं वर्ष.

उन्हाळ्यापर्यंत क्वार्टर ठेवू द्यायचं हे एकट्या जीएम साहेबांच्या हातात होतं.

"मग सरळ अर्ज करा ना," नलिनीबाई म्हणाल्या. नलिनीबाई म्हणजे मिसेस पिंपळापुरे. त्या कमी बोलायच्या, पण जे बोलायच्या ते लागायचं.

"अर्ज एजीएम आगाशे साहेबांच्या टेबलावरून जाईल. तिथून तो वसुधाच्या लग्नापर्यंत निघायचा नाही. त्यापेक्षा दसऱ्याला सोनं देतानाच साहेबांना तोंडी सांगतो."

कारण टाउनशिपमध्ये तशी पद्धतच होती. दसऱ्याला आपट्याचं पान हातात ठेवून एखादी गोष्ट मागितली, तर जीएम नाही म्हणायचे नाहीत. कितीतरी बदल्या त्या पानांवर थांबल्या होत्या. पिंपळापुऱ्यांनी मात्र इतक्या वर्षांत कधी काही मागितलं नव्हतं, आणि याचा त्यांना केवढा अभिमान होता! आता एकदाच मागायचं, आणि त्या दिवशी साहेबांना भोंगाड्याएवढ्या चौकोनात बसवायचं? कसं व्हायचं?

"वसुधा, चौकोन राहू दे सारखे," रात्रभर विचार करून ते सकाळी म्हणाले. "पण ते लागतात कसे? आधी कोण, नंतर कोण?"

"जो आधी येतो, त्याचा चौकोन आधी. साधारण."

"वा! मग सोपं आहे. ग्रेडनुसार एकेकाला आत बोलवू."

वसुधा 'साधारण' म्हणाली होती, हे लक्षात ठेवा. बाबांनी ऐकलंच नाही. ते गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागले आणि तिसऱ्या फेरीला गचकन थांबले.

"अगं, पण मग साहेब सगळ्यात आधी येणार? रिकाम्या हॉलमध्ये? सगळे बसले की साहेब येतात, आपण उभं राहतो. साहेब आधी येऊन करतील काय?"

"सतरंज्या घालायला मदत करतील," नलिनीबाई आतून म्हणाल्या.

म्हणजे बघा! साहेब शेवटी आले तर त्यांचा चौकोन शेवटी, भोंगाड्याच्या शेजारी. आधी आले तर बाकीचे येईपर्यंत ताटकळत बसणार. पिंपळापुरे दिवसभर जेवले नाहीत नीट. संध्याकाळी देवाला दिवा लावताना त्यांना सुचलं.

"बसमध्ये जागा धरायला आपण काय करतो?"

"काय करतो?"

"रुमाल टाकतो!"

आणि त्यांनी कपाटातून टॉवेल काढला.

बेत असा होता. नलिनीबाईंचा मोबाइल मागच्या खोलीत स्टुलावर ठेवायचा. त्याच्यासमोर घरातली चांगली खुर्ची, तिच्या पाठीवर टॉवेल. मोबाइलला नाव द्यायचं 'मा. महाव्यवस्थापक', आणि त्याला सगळ्यात आधी आत घ्यायचं. पहिला चौकोन धरला गेला. मग बाकीचे ग्रेडनुसार. शेवटी साहेब आले, की टॉवेल उचलायचा आणि साहेबांना तिथे बसवायचं.

"बाबा, ऐसा नहीं होता," वसुधा म्हणाली. "टॉवेल गेला की तो चौकोनच जातो. साहेबांना नवा मिळेल."

"तू इंजिनिअर आहेस ना? मग कर काहीतरी."

मग फोन. प्रत्येक घरी फोन. कुणी कधी यायचं, आणि एक ताकीद: हॉलमध्ये असतो तसा नियम, ज्यावर कार्यक्रम बघायचा तो सोडून बाकी सगळे मोबाइल बंद. कुणाची रिंग वाजता कामा नये. भोंगाड्यांच्या घरी लीलाबाईंनी उचलला.

"भाऊजी, आमी शेवटीच ना?"

"हो वहिनी. मुलांच्या आधी."

"नाई, नेहमीचंच हाय. इचारलं आपलं. नवं लुगडं नेसू का चालन जुनंच? तितक्या मागं कोन पाहून राहिलं म्हना."

पिंपळापुऱ्यांनी यादीतल्या त्यांच्या नावावर खूण केली. मग म्हणाले, "नेसा नवं, दसरा आहे," आणि पुढचा नंबर लावला.

दसऱ्याच्या संध्याकाळी कम्प्युटरसमोर वसुधा बसली आणि तिच्या पाठीमागे सफारी सूट घालून पिंपळापुरे उभे राहिले. अगदी दारात उभे राहिल्यासारखे. ही सोय त्यांना फार आवडली होती: जो येईल तो आधी बाहेर थांबतो, आपण घेतलं तरच आत. "हे बनवणारा नक्की सरकारी खात्यातला असणार," ते म्हणाले.

टॉवेल आत आला. मग साहेबांच्या खालोखालचे एजीएम नीळकंठ आगाशे आणि मिसेस. मग डीजीएम मंडळी. मग इंजिनिअर, मग कारकून. सगळं कसं लोण्यासारखं. आणि मध्येच बाहेर एक ससा उभा राहिला. कार्टूनचा ससा, दात पुढे, आणि खाली नाव: 'चिनू, तिसरी ब'.

"हे कोण?"

"कुणाचं तरी पिल्लू. सारखं ठोठावतंय."

"मुलं शेवटी. थांबू दे बाहेर."

"बाबा, बहुत देर से खड़ा है बेचारा."

"मग? आजकाल मुलांना जरा धीर म्हणून नाही. शिकू देत."

आता हा ससा कोण, ते ऐका. राजाध्यक्ष साहेबांच्या लॅपटॉपचा पासवर्ड साहेबांना माहीत नव्हता. त्यांना कधी लागलाच नव्हता. लॅपटॉप रोज सकाळी उघडून टेबलावर ठेवलेला असायचा, तो पीए उघडायचा, आणि पीए दसऱ्याला इटारसीला गेलेला. साहेबांनी आपलं नाव घातलं, बायकोचं घातलं, कारखान्याचं घातलं. लॅपटॉप कायमचा बंद झाला. शेवटी मिसेस राजाध्यक्ष, म्हणजे शालिनीताई, नातीचा शाळेचा टॅबलेट घेऊन आल्या. तो घेऊन साहेब बंगल्याच्या दिवाणखान्यात, रेशमी कुडत्यात, हातात आपट्याचं पान घेऊन बाहेर उभे होते. म्हणजे बसले होते, पण बाहेर. त्यांनी पिंपळापुऱ्यांना फोन लावला. बंद. आगाशेंना लावला. बंद. सगळी टाउनशिप शिस्तीत बंद. आयुष्यभर लोकांना केबिनबाहेर बसवलेला माणूस पहिल्यांदा बाहेर बसला होता, आणि समोर स्क्रीनवर लिहिलेलं की कृपया प्रतीक्षा करा.

इकडे सगळे आत आले. भोंगाडे नवरा-बायकोसुद्धा आले. लीलाबाई नव्या लुगड्यात इतक्या ताठ बसल्या होत्या की फोटोच वाटावा. फक्त साहेबांचा पत्ता नाही. पिंपळापुरे घड्याळ बघतायत, घाम पुसतायत, आणि तेवढ्यात आगाशे साहेबांनी घसा खाकरला.

आगाशेंना समोर काय दिसत होतं? 'मा. महाव्यवस्थापक' असं नाव आणि टॉवेलवाली खुर्ची. आता ऑफिसात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला टॉवेलवाली रिकामी खुर्ची म्हणजे रिकामी वाटतच नाही. साहेब मीटिंगला गेलेत, एवढ्यात येतील, असं वाटतं. शिपाई लोक तर खुर्चीलाही मान झुकवून जातात. आगाशेंनी हात जोडले.

"आदरणीय राजाध्यक्ष साहेब!" ते टॉवेलला म्हणाले. "आपण वेळात वेळ काढून उपस्थित राहिलात, हे आमचं भाग्य."

"वसुधा, थांबव त्यांना!" पिंपळापुरे कुजबुजले.

"म्यूट करू?"

"एजीएमना म्यूट? वेड लागलंय का तुला?"

"मग तुम्ही बोला."

"ते बोलत असताना मी कसा बोलू? माझी ग्रेड काय?"

"साहेबांचा स्वभाव आपण जाणतोच," आगाशे सांगत होते. "कमी बोलणं. सदैव शुभ्र, स्वच्छ वागणूक. कितीही ताण येवो, साहेब जागचे हलत नाहीत."

टॉवेल जागचा हलला नाही. आगाशेंनी आपट्याचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं आणि वाकून नमस्कार केला. एजीएमनी केला म्हटल्यावर डीजीएमनी केला. मग इंजिनिअरांनी केला. मग कारकुनांनी. ग्रेडनुसार, एकापाठोपाठ एक, आमची अख्खी टाउनशिप एका टॉवेलला सोनं देत होती. सुमन काळे म्हणून एक बाई होत्या, त्यांनी तर त्याला मुलाची बदलीसुद्धा सांगितली.

"बाबा, आता तरी मुलांना घेऊ का आत? तो ससा रडत असेल."

"घे," पिंपळापुरे डोकं धरून म्हणाले. "आणि सगळ्यांचे आवाज बंद कर. एवढ्यात गलका नको."

मुलं आत आली. एक दात दाखवत होतं, एक जिलेबी खात होतं. आणि त्यांच्या मध्ये सशाचा चौकोन उघडला. आधी छताचा पंखा दिसला. मग चष्म्याची एक काच. मग नुसतं कपाळ. मोठं, अनुभवी कपाळ.

ते ओळखलं सदाशिव भोंगाडेंनी.

आता ऐका हां, इथे खरी मजा आहे. राजाध्यक्ष साहेब पुण्याहून पहिल्यांदा आले तेव्हा साधे ट्रेनी होते, आणि त्यांना टाकलं होतं सदाशिवच्या क्रेनखाली. तिथे मशिनांचा आवाज एवढा, की शेजारचा बोंबलला तरी ऐकू येत नाही. सगळं हातांनी. खालचा हात करतो, वरचा क्रेनवाला बघतो: वर घे, खाली घे, हळू, थांब. दोन वर्षं ट्रेनी राजाध्यक्ष खालून हात करायचे आणि सदाशिव वरून लोखंड हलवायचा. मग एक गुलमोहराच्या रस्त्याला लागला आणि दुसरा डावीकडेच राहिला. पुढे ते दोघं एका खोलीत कधी आलेच नव्हते. म्हणजे आले होते, दरवर्षी, पण मध्ये सगळ्या खुर्च्या.

सदाशिवनं आवाज दिला, पण आवाज बंद. मग त्याचे हात आपोआप वर गेले. बोट खाली करून गोल फिरवलं: खाली घ्या. टॅबलेट खाली आला, नाक दिसलं. तळहात पालथा, हळू हळू: आणखी खाली. मिशी दिसली. मग आडवा हात: बास, थांब. आणि अख्खे राजाध्यक्ष साहेब चौकोनात फिट्ट बसले! साहेबांनी समोर बघितलं, सदाशिव दिसला, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की शालिनीताई म्हणे डोकावायला आल्या, काय झालं म्हणून. साहेबांनीही हात वर करून खूण केली. सदाशिवनं उलट केली. दोघं सुरूच झाले.

बाकीच्यांना काय दिसलं? भोंगाडे हातवारे करतोय. लोकांना वाटलं, कार्यक्रमाचा पुढचा भाग असेल, पिंपळापुऱ्यांनी बसवलेला. कारकुनांनी हात फिरवायला सुरुवात केली. मग इंजिनिअरांनी. मिसेस आगाशेंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं, तेव्हा आगाशेही दोन्ही हात वर करून गोल गोल फिरवायला लागले.

"हे काय चाललंय?" पिंपळापुरे किंचाळले. "भोंगाडे नाचतोय का?"

"बाबा," वसुधा अगदी हळू म्हणाली, "तिसरी ब बघा."

पिंपळापुऱ्यांनी चष्मा सारखा केला. जिलेबीवाल्या पोराच्या आणि दातवाल्या पोरीच्या मध्ये रेशमी कुडता होता.

"साहेब," ते म्हणाले, आणि त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "साहेब... सतरंजीवर!"

वसुधानं सगळ्यांचे आवाज सोडले. एकदम कालवा झाला, आणि मग ज्यांच्या ज्यांच्या लक्षात येत गेलं ते गप्प होत गेले. आगाशेंचे हात हवेतच राहिले. नलिनीबाईंनी मागच्या खोलीत जाऊन टॉवेल उचलला, म्हणजे त्यांचा हात अख्ख्या टाउनशिपला 'मा. महाव्यवस्थापक' या नावाखाली दिसला. पिंपळापुरे पहिल्यांदा, संमेलनात पहिल्यांदा, खुर्चीवर बसले.

"साहेब, माफी असावी. चूक माझी आहे. मी आपल्याला बाहेर... मुलांमध्ये..."

साहेबांचे ओठ हलले. आवाज आला नाही. चिनूच्या टॅबलेटचा माइक उन्हाळ्यातच बिघडला होता, आणि चिनूनं ही गोष्ट घरात कुणालाही सांगितली नव्हती, कारण त्यामुळे तिला वर्गात पाढे म्हणावे लागत नव्हते.

"विचारा आता," नलिनीबाई पाठीमागून म्हणाल्या. टॉवेल त्यांच्या हातात होता.

"आता? या क्षणी?"

"दसरा आज आहे. उद्या एकादशी."

पिंपळापुऱ्यांनी वसुधाकडे बघितलं. वसुधा नुसती स्क्रीनकडे बघत राहिली. त्यांनी आपट्याचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं.

"साहेब, कधी काही मागितलं नाही. मुलीचं शेवटचं वर्ष आहे. तिचं कॉलेज, परीक्षा, सगळं या केबलवर आहे. उन्हाळ्यापर्यंत क्वार्टर राहू द्यावं, एवढंच."

साहेबांनी ऐकलं. मग दोन्ही मुठी आवळल्या आणि छातीसमोर एकीवर एक घट्ट दाबून धरल्या. चेहरा गंभीर.

पिंपळापुऱ्यांचा हात खाली आला. "समजलं, साहेब," ते म्हणाले. "मुदतीत खाली करतो."

"ओ पिंपळापुरे साहेब!" सदाशिव भोंगाडेंचा खणखणीत आवाज आला. मशिनांच्या गोंगाटात बोलायची सवय, माइकची गरजच नाही. "काय समजले तुमी? आमचा सिग्नल हाय तो! साहेब म्हनून राहिले, माल हाय तिथंच धरून ठेव. कोनी हलवाचा नाई!"

साहेबांनी जोरजोरात मान हलवली. मग मुठी सोडल्या, तळहात पालथा केला, आणि अगदी सावकाश खाली आणला.

"आन् म्हनतात, खालची जागा तयार झाली, का मंग उतरवा. हळूच. घाई नाई."

वसुधानं तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते. आणि चौकोनाचौकोनांतून टाळ्या सुरू झाल्या, वेगवेगळ्या वेळी पोचणाऱ्या, फुटाण्यांसारख्या. त्या रात्री टाउनशिपमधल्या लोकांनी खऱ्या साहेबांना पुन्हा सोनं दिलं. या वेळी ग्रेडनुसार नाही. ज्याचा आवाज आधी पोचेल तसं. सुमन काळेंनी मुलाची बदली पुन्हा सांगितली.

तरी पिंपळापुऱ्यांना झोप नाही. क्वार्टर राहिलं, पण मांडणी चुकली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. सकाळी फोन वाजला तेव्हा त्यांनी तक्रार ऐकायच्या तयारीनं उचलला.

"पिंपळापुरे," आगाशे म्हणाले, "कालचा प्रकार सोडा. पण मला साहेबांच्याही आधी, पहिल्या रांगेत बसवलंत. लक्षात ठेवीन मी हे."

मग एका डीजीएमचा फोन: पहिल्या रांगेत बसवल्याबद्दल आभार. मग एका कारकुनाचा. मग लीलाबाई भोंगाडेंचा, आणि त्यांचा आवाज जरा ओला होता.

"भाऊजी, आमाले पयल्या रांगेत बसवलं तुमी. म्या म्हटलं यांना, पाहा, बरं झालं नवंच नेसलं. पोरीनं फोटो काढून ठेवला हाय."

पिंपळापुऱ्यांनी फोन ठेवला आणि वसुधाला हाक मारली. "हे सगळे पहिल्या रांगेत कसे?"

वसुधा हसायलाच लागली. "बाबा, मी 'साधारण' म्हटलं होतं ना! प्रत्येकाच्या स्क्रीनवर मांडणी वेगळी असते. बाकीचे कुठेही असोत, आपण स्वतः आपल्याला पहिल्याच रांगेत दिसतो."

"म्हणजे आगाशेंच्या स्क्रीनवर आगाशे?"

"हो."

"आणि भोंगाड्यांच्या स्क्रीनवर भोंगाडे? आणि साहेब?"

"साहेबांच्या टॅबलेटवर साहेब. शालिनीताईंचा मेसेज आला आहे, साहेब विचारतायत, पुढच्या वर्षी पण मुलांमध्येच बसता येईल का."

पिंपळापुऱ्यांनी चष्मा काढून पुसला. मग उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले, आणि छाती जरा पुढे काढून म्हणाले, "ऐकलंस का? सगळेच्या सगळे पहिल्या रांगेत, आणि एकाची तक्रार नाही. अशी मांडणी या टाउनशिपमध्ये कुणाला जमली नव्हती."

"वसुधाला जमली," नलिनीबाई पोळी लाटत म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी. मुलगी कुणाची?"

आणि पुढे ऐका! वसुधानं परीक्षा त्याच क्वार्टरमधून दिली, त्याच खुर्चीवरून इंटरव्ह्यू दिला, नोकरी लागली. पिंपळापुरे पेढे घेऊन निघाले ते गेटापासून सुरू करून डावीकडच्या रस्त्यानं. पुढच्या दसऱ्याला हॉल उघडला तेव्हा ते बाग सेवनियाहून सकाळीच मांडणी करायला आले. सोफा, गादीच्या, हातवाल्या, बिनहाताच्या. सगळं जसंच्या तसं.

आणि संध्याकाळी लोक आले, ते आले तसे सगळे पुढेच! एकदा पहिल्या रांगेत बसलेला माणूस मागे जातोय होय? लीलाबाई तर सरळ सोफ्याजवळ. आगाशे म्हणाले, मी मागच्या वर्षी इथेच होतो. कारकून म्हणाले, आम्हीही इथेच होतो. भांडण नाही, पण कुणी हलेनाही. राजाध्यक्ष साहेब सदाशिवला दंडाला धरून घेऊन आले आणि दोघं मुलांच्या सतरंजीशेजारी उभे राहिले. शेवटी पिंपळापुऱ्यांनी कपाळ पुसलं, बाह्या वर केल्या, आणि सगळ्या खुर्च्या भिंतीकडेनं लावून टाकल्या. गोल. एकच रांग.

सगळे बसले. पिंपळापुरे खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे. एक खुर्ची रिकामी राहिली होती, बिनहाताची.

"आता कोण यायचंय?" त्यांनी विचारलं.

"तुमी, भाऊजी," लीलाबाई म्हणाल्या.

साहेब उठले, त्यांनी पिंपळापुऱ्यांच्या खांद्यावरून टॉवेल काढला आणि त्या खुर्चीच्या पाठीवर घातला. सदाशिवनं लांबून हात केला, बोट खाली करून गोल: उतरवा, हळूच. पिंपळापुरे अवघडून खुर्चीच्या टोकावर टेकले आणि लगेच शेजारी नलिनीबाईंच्या कानाशी झुकले.

"अगं, पण हा गोल सुरू कुठून होतो?"

"ज्याचा त्याच्यापासून. नीट बसा आता."

ते मागे टेकून बसले. उकाडा होता, दिवसभर खुर्च्या हलवून पाठ घामानं चिंब झाली होती, आणि इस्त्रीच्या त्या टॉवेलला जन्मात पहिल्यांदा काम मिळालं.